पाण्याचा पेला

लाँड्रीत कपड्यांचे डाग काढणाऱ्या त्या बाईला जगात फारसं काही पसंत पडत नसे. गिऱ्हाइकांच्या मळक्या कॉलरी, मालकाचं उगाच खिदळणं, शेजारणीचं गाणं, सगळ्यांना ती एकाच शब्दात निकालात काढी. "भिकार!" पण तिचा खरा तिटकारा थोरल्या भावासाठी राखून ठेवलेला होता.

दादा चित्रकार होता. म्हणजे तो तसं सांगे. दाढी होती, खांद्याला झोळी होती, आणि कुणी तावडीत सापडला की रंगांवर तासभर तोंडाची वाफ दवडायची तयारी होती. नव्हतं ते फक्त चित्र. "आतून आल्याशिवाय ब्रशला हात लावू नये," असं त्याचं म्हणणं. त्याच्या आतून आजवर ढेकर तेवढे आले होते.

घर बदलताना त्याने रंगांची पेटी बहिणीकडे टाकली ती टाकलीच. एका सकाळी कामावर निघण्याआधी तिने ती उघडली, निव्वळ त्याचा तोरा उतरवायला. 'यात एवढं काय अवघड आहे!' ओट्यावर पाण्याचा पेला होता, तोच काढला. झाली बादली. तीही गळकी.

हा अपमान तिला सोसवेना. दुसऱ्या दिवशी ती लवकर उठली आणि पुन्हा पेलाच काढला. मग रोजचंच झालं. आधी कालचं चित्र भिंतीला टेकवायचं, 'शी!' म्हणायचं, आणि नेमकं काय भिकार आहे ते हुडकून काढायचं. काठ वाकडा दिसला, तर कितीतरी दिवस नुसता काठ. सावली काजळ फासल्यासारखी वाटली, तर सावलीच्या मागे लागायचं. ताप असो, घरी पाहुणे असोत, सुट्टी नाही. आनंदबिनंद काही होत नव्हता, उलट बरेचदा कंटाळा यायचा. पण कंटाळ्यालाही ती किंमत देत नसे.

"रोज तोच पेला?" दादा हसायचा. "याला काय कला म्हणतात? हे तर पाट्या टाकणं झालं."

"तू निदान पाट्या तरी टाक," ती म्हणायची.

अशी काही वर्षं गेली. एका रविवारी दादा पडल्या चेहऱ्याने आला. कुणा ओळखीच्याने त्याला प्रदर्शनासाठी हॉल देऊ केला होता, आणि याने बढाईच्या भरात हो म्हणून टाकलं होतं. टांगायला घरात चिटोरं नव्हतं.

"तुझे पेले दे की. तू तरी त्यांना कुठे नावाजतेस?"

"आणि खाली सही कुणाची?"

दादा दाढी खाजवू लागला. तिने खाटेखालचा गठ्ठा ओढून त्याच्यापुढे आपटला. "बघ तरी. कळू दे तुझी अक्कल."

तो जमिनीवर बसून एकेक चित्र बाजूला सारू लागला. मग एकापाशी थांबला. पेल्यातून आरपार गेलेलं ऊन ओट्यावर थरथरत होतं. कागदावर रंग दिसतच नव्हता, पाणी दिसत होतं. दादाने ते उचलून उजेडात धरलं.

"हे तू केलंस?"

तिने वाकून पाहिलं. त्यालाही ती 'शी' म्हणाली होती. आता खोट चटकन सापडेना, म्हणून ती चिडली. "मागची कड ढिली आहे."

"नाही," तो हळू म्हणाला. "अजिबात ढिली नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे या माणसाला दिसत होतं! असली नजर असून सगळा जन्म याने बडबडीत घालवला!

"एकही मिळणार नाही. चल, नीघ."

कणकण आल्याचं सांगून दादाने प्रदर्शन रद्द केलं. "भित्रा कुठला!" ती म्हणाली.

पण पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, झोळी न घेता, आणि मुकाट्याने स्टुलावर बसला.

"माणसाचा चेहरा शिकायला घेतलाय मी," ती म्हणाली. "हलू नकोस. आणि तोंड मीट."

तो खरंच बसून राहिला. बऱ्याच वेळाने उठून त्याने चित्र पाहिलं. "नाकाचा बटाटा झालाय."

"दिसतंय मला. उद्या उजाडताच ये."

तो आला. उशिरा आला, म्हणून तिने त्याला दारातच झापलं आणि स्टूल पुढे सरकवलं.