वस्तादांसमोर भरलेली प्रश्नावली

ताक, हळद आणि तेल मुरलेल्या लाल मातीचा वास आला की मी अजून श्रीरामपूरजवळच्या त्या तालमीत जाऊन बसते. तेव्हा मी क्रीडा मानसशास्त्राच्या एम.ए.ला होते आणि प्रबंधासाठी कुस्ती खेळणाऱ्या मुलींकडून प्रश्नावली भरून घेत होते. ऊसतोड करणाऱ्या घरातली एक मुलगी हातातलं खोरं बाजूला ठेवून समोर बसली. वस्ताद शेजारीच खाटेवर होते. त्यांच्याच तालमीत त्यांना जरा बाहेर बसा म्हणायची रीत नव्हती, आणि मला ते सुचलंही नाही. “कुस्तीआधी भीती वाटते?” “न्हाई.” “कुणी धाक घालतं?” तिनं खाटेकडं पाहिलं. “न्हाई.” मी कागदावर ‘नाही’पुढं खुणा करत गेले. निघताना ती फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “ताई, एकलीला कवा इचारनार?” पुढच्या आठवड्यात, असं मी म्हटलं. पुढच्या आठवड्यात गेले, तर ती तालीम सोडून गेली होती. कुठं, ते कुणी सांगेना. तिच्या कागदावर मी ‘चिंता कमी’ असं लिहिलं होतं. आता मी खेळाडूंची समुपदेशक आहे, प्रशिक्षकांना बाहेर पाठवूनच बोलायला बसते. तरी एखादी मुलगी ‘नाही’ म्हणताना त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघते, आणि माझं पेन तिथंच थांबतं.