पान एकशे अकरापर्यंत हळद

काल दुपारी वसमतच्या वाचनालयात ग्रंथपाल नईमभाईंनी रजिस्टरवर बोट ठेवून सांगितलं... अकरा पुस्तकं वाचून परत, बारावं घरी. हा आकडा माझा नाही, आमच्या वहिनीचा आहे. मी आठवर अडकलोय.

पाडव्याला मी इथेच जाहीर केलं होतं, शाळा उघडायच्या आत बारा पुस्तकं वाचणार. कुरुंद्याच्या घरी फ्रिजवर यादी चिकटवली, टिक करायला शेजारी पेन बांधला. तुम्ही भरभरून लाइक दिले... आणि मी पेपरला बातम्या वेळेत पाठवता पाठवता मागे पडत गेलो.

तिसऱ्या पुस्तकावर पिवळे डाग दिसले. तेव्हा अंगणात शिजवलेली हळद वाळत पडलेली, घरात सगळ्यांचेच हात पिवळे. पण पुस्तक वाचनालयाचं... जेवताना मी चिडलो. ज्याला वाचायचं नाही त्यानं पुस्तकाला हात कशाला लावायचा, असं बोलून गेलो.

"हळदीच्या घरात पिवळं न्हाई तर काय निळं व्हईल?" दादा हसला. वहिनी भाकरी वाढत होती.

चार दिवसांनी पुस्तक पुन्हा उघडलं. प्रत्येक उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा एक पुसट ठसा... ओळीनं, एकही पान न सुटता, थेट एकशे अकरापर्यंत. पुढची पानं कोरी. माझी खूण चौसष्टवर होती.

कुणीतरी रोज वाचत होतं आणि माझ्या बोलण्यानं थांबलं होतं. दादा पेपरसुद्धा उघडत नाही, म्हणजे उरली वहिनीच. तिची शाळा नववीत सुटली. लग्नाला अठरा वर्षं झाली, तिच्या हातात पुस्तक मी कधी पाहिलं नव्हतं... पण दुपारी मी घरी असतो कुठे?

"वहिनी, मधेच काहून सोडलं?" मी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"हात धुऊनच घेत होते भाऊजी. पण हळद निघतच न्हाई हो." मग हळूच... "पुस्तकातल्या त्या बाईला पुढं नोकरी लागती का?"

मला सांगता येईना. मी चौसष्टवर होतो ना! "चुकलो" म्हणालो आणि पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. दोन दिवसांत तिनं संपवलं.

परत करायला मी तिलाही सोबत नेलं. वाटेत तिला एकच धास्ती... डाग बघून कार्ड रद्द केलं तर? मलाही होती, कारण नईमभाई पुस्तकांच्या बाबतीत भलते कडक. कोपरा दुमडला तरी बोलणी बसतात.

त्यांनी चष्मा चढवला आणि एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे पुस्तक कैक लोकांनी नेलं. वीस पानांच्या पुढं सगळं करकरीत वापस यायचं. पयल्यांदा कुणीतरी आखरीपर्यंत तकलीफ घेतली." आणि वहिनीला, "नाव काय भाभी?"

"कार्ड भाऊजींच्या नावाचं हाय," वहिनी म्हणाली.

"मी तुमचं विचारून राहिलो."

"सुनंदा," ती म्हणाली, आधी जमिनीकडे बघून... मग पुन्हा एकदा, नीट, पूर्ण नाव आडनावासकट. नवीन कार्ड तिनं घरी पोचेपर्यंत हातातून सोडलं नाही. "आता कव्हर घालून वाचायचं बरं का," असा दम मात्र नईमभाईंनी दिलाच.

त्या संध्याकाळी फ्रिजवरच्या यादीत दुसरा रकाना आखला. वहिनी माझ्याच पेपरचं कव्हर घालून वाचते. टिक ती पेनानं करत नाही, अंगठ्यानं करते... अकरा ठसे झालेत. पहिले गडद पिवळे, शेवटचे दोन नुसत्या पाण्याचे, कारण हळदीचं काम संपलं आणि हातांचा रंग गेला.

त्यामुळे ती कुठवर पोचली हे आता पानांवरून कळत नाही, विचारावं लागतं. आज सकाळी विचारलं.

"शंभर पानं राहिली. रविवारी व्हतंय," वहिनी म्हणाली. "तुमी आधी तुमचं नववं उघडा भाऊजी. त्याच्यावर धूळ बसून राहिली."

सोमवारी शाळा उघडतायत. त्याच दिवशी वसमतला जायचं, नईमभाई बाराव्या पुस्तकाची नोंद करतील. मी फक्त गाडी चालवणार आहे... आणि या उन्हाळ्यातलं माझ्या वाट्याला आलेलं हे सगळ्यात अभिमानाचं काम आहे.