आड आणि विहीर

नांदेडपासून लातूरपर्यंत निवाडे वाचणारे वकील पुष्कळ होते. निवाडा लोणच्यासारखा चाखणारे एकच, आणि ते नेमके बाररूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. देवणीकडचे. काळा कोट उन्हानं तपकिरी झालेला, आवाज बैलबाजारात कमावलेला. हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या माथ्यावर छापलेला सारांश, ते तळहातानं झाकून ठेवत. म्हणत, "लग्नाला न जाता पत्रिका चाटायची व्हय?" आम्ही निवाडे पक्षकारांच्या नावांनी आणि पानांच्या आकड्यांनी ओळखायचो. त्यांच्याकडे बोकडाचा निवाडा, नणंदेच्या बांगड्यांचा निवाडा. खटला समजावताना बशी म्हणजे शेत, कप म्हणजे घर, आणि मधे आमच्या वाट्याच्या बिस्किटांची भिंत. वरच्या कोर्टानं निकाल फिरवला की ते भिंत खाऊन टाकत.

हेवा वाटायचा. मी कातडी बांधणीची पुस्तकं घेतली होती, उतारे पाठ केले होते. पण माझा पक्षकार माझाच चहा पीत त्यांच्या टेबलाकडे मान वळवून बसायचा.

लातूर जिल्हा तेव्हा नवा. कोर्टाच्या पाट्यांचा रंग ओला होता, आणि त्या दुष्काळात गावात तेवढंच काय ते ओलं होतं. रेणापूरकडच्या माझ्या एका पक्षकारानं शेतातल्या आडाला काटेरी कुंपण घातलं. वस्तीतली बौद्ध कुटुंबं वर्षानुवर्षं तिथून पिण्याचं पाणी भरत. त्यांच्या बाजूनं देवणीकडचे हेच वकील उभे. मी वरच्या कोर्टाचा गाजलेला इंग्रजी निवाडा न्यायाधीशांपुढं टाकला: दुसऱ्याच्या विहिरीवर शेजाऱ्याचा हक्क नाही. हेडनोट ठणठणीत होती.

ते उठले. "साहेब, इंग्रजीत समदंच 'वेल'. आमच्याकडं भिजवायची विहीर येगळी, पिण्याचा आड येगळा. निवाडा आतून वाचा. तिथं मोटंनं ऊस भिजवायचा झगडा हाय. हितं घागर बुडायली. मोटंचा कायदा घागरीला कसा लागंल?"

न्यायाधीशांनी निवाडा मागून घेतला आणि आतून वाचला. कुंपण निघालं.

बाररूममध्ये सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "दुष्काळात न्यायाधीशालाही तहान लागते हो!" असा हशा उठला की चहावाला आत डोकावला. त्या दिवसापासून जिल्ह्यात तो 'तहानेचा निवाडा' झाला. कायद्यानं नव्हे, दयेनं दिलेला. पुढं दुसऱ्या वस्तीचा तसाच दावा आला, तेव्हा समोरच्या वकिलानं माझंच वाक्य फेकलं. दावा लोंबकळत राहिला, आणि तिथल्या बाया आणखी एक उन्हाळा लांबून पाणी वाहत राहिल्या.

तेव्हा ते एकदाच माझ्या टेबलाशी आले. "वकीलसाब, इनोद झ्याक हाय तुमचा. पर मी का जिंकलो, ते बी येकदा सांगा की समद्यांला. तुमचं ऐकतेत लोकं."

"सांगू की," मी म्हणालो. सांगितलं नाही. म्हातारपणी ते नांदेडला लेकीकडे राहायला गेले, आणि गेल्या वर्षी तिथंच वारले.

परवा बाररूममध्ये नव्या पोरांना मी सगळं सांगितलं. मोट, घागर, एका इंग्रजी शब्दाखाली दबलेले आपले दोन शब्द. निकाल दयेचा नव्हता, वाचनाचा होता, हेही. पोरांनी अदबीनं ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, "बरोबर हाय सर तुमचं. पण ते तहानेचंच लई भारी वाटतंय." आणि सगळे हसले.

ते असते तर सगळ्यात मोठ्यानं हसले असते, आणि हसू ओसरायच्या आत खुर्ची पुढं ओढून पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले असते, पोरांना पटेपर्यंत. मी नुसताच उठून घरी आलो. या वयातही मला त्यांचा हेवा वाटतो.