एस्तेर ओव्हर देते

रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप अशी सरळ येत नाही. उंबऱ्यापर्यंत येते, थबकते आणि परत फिरते. प्रणोती वाघमोडे होस्टेलच्या खोलीत डोळ्यांवर ओढणी टाकून पडली आहे. बाहेर भर दुपारचं ऊन आहे. मेसमध्ये ताटं आपटताहेत, मागच्या आवारात कुणीतरी युनिफॉर्म धोपटतंय. खोलीतल्या बाकीच्या मुली हॉलमध्ये खुर्च्या मांडायला गेल्या आहेत. प्रणोतीनं आतून कडी घातली आहे. संध्याकाळी तिला सगळ्यांसमोर बोलायचं आहे, त्याआधी घटकाभर तरी डोळा लागायला हवा.

काय बोलायचं, ते सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे. आज विद्यार्थी परिचारिका संघटनेचा पदग्रहण समारंभ आहे. नव्या पदाधिकारी मुलींनी एकेक करून पुढं यायचं आणि शिक्षण संपल्यावर आपण काय करणार ते सांगायचं, अशी तिथली जुनी पद्धत. प्रणोती आजपासून अध्यक्ष. निवडून आली होती ती एस्तेर साळवे. प्रणोती तिची सेक्रेटरी. पण एस्तेर भाद्रपदात डेंग्यूनं गेली. ज्या आयसीयूत दोघी ड्युटी करत, तिथल्याच कॉटवर.

एस्तेरला काय करायचं होतं, हे न विचारतासुद्धा ती सांगायची. नाथसागराच्या फुगवट्याच्या काठी तिचं गाव. पाणी चढलं की रस्ता बुडतो आणि मग होडीखेरीज वाट नाही. तिची थोरली बहीण रिबका बाळंतपणाच्या कळा घेत त्या काठावर होडीची वाट बघत होती. होडी आली तेव्हा उशीर झाला होता. "मी त्या काठावर दवाखाना थाटून बसणार," एस्तेर म्हणायची, "बाई पाण्याकडं यायच्या आत मी बाईकडं जाणार."

शोकसभेला तिचे वडील आले होते. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी प्रणोतीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "आता तिचं काम तूच कर, बाळ." प्रणोती म्हणाली, "हो, मास्तर." दुसरं काय म्हणणार? सारा हॉल रडला. तेव्हापासून प्राचार्यांपासून मेसच्या मावशींपर्यंत सगळे तेच बोलतात : एस्तेरचं स्वप्न प्रणोती पुरं करणार. मास्तर आज ते ऐकायला येताहेत.

धोपटण्याचा आवाज लांब लांब जातो. ताटं गप्प होतात.

कॉटच्या पायथ्याशी एस्तेर उभी आहे.

आकाशी चौकड्यांचा युनिफॉर्म, केसांना जाळी, हातात बूट. पाय घोट्यापर्यंत ओले. प्रणोतीला नवल वाटत नाही. एवढंच वाटतं की हिला ताप होता, हिनं ओल्यात पाय घालायला नको होते.

"झोपलीस का गं?" एस्तेर विचारते.

"नाही. पडलेय नुसती."

"मग चल ना. मी केव्हाची उभी आहे."

प्रणोती उठते. खोलीचं दार उघडलं की पॅसेज लागायला हवा. पण दारापलीकडं फीमेल वॉर्ड आहे, आणि वॉर्डात पाणी आहे. पोटरीएवढं, शांत, मातकट. लोखंडी कॉटा त्यात रांगेनं उभ्या आहेत. एकावरही पेशंट नाही. सलाईनचे स्टँड मात्र आहेत, आणि प्रत्येक बाटलीतून थेंब थेंब खालच्या पाण्यात पडतोय.

"सगळे कुठं गेले?"

"गेले घरी," एस्तेर म्हणते. "माझी ड्युटी संपलीय. पण माझी रिलीव्हर आलीच नाही."

ड्युटी संपली तरी नर्सला तसं उठून जाता येत नाही. पुढच्या पाळीची नर्स यावी लागते. तिला एकेक पेशंटची हकीकत सांगायची. यालाच ओव्हर देणं म्हणतात. ओव्हर घ्यायला कुणी आलंच नाही, तर पहिलीनं तिथंच थांबायचं. सकाळ झाली, दुपार झाली, तरी थांबायचं.

"भाद्रपदापासून इथंच आहेस तू?"

"भाद्रपद म्हणजे?" एस्तेर विचारते, अगदी साधेपणानं.

त्या चालू लागतात. पाणी कापत जाताना आवाज होत नाही. वॉर्ड संपतो तिथं एसटी स्टँडचा फलाट आहे, बाकडी आहेत, पानाची टपरी आहे, टपरीत कुणी नाही. लाउडस्पीकरवर एक बाई गाड्यांऐवजी औषधांची नावं पुकारते आहे. एस्तेर बाकावर बसते आणि बूट मांडीवर घेते.

"प्रणू, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"विचार."

"मी काय होणार होते गं?"

जिनं सगळ्या होस्टेलला ते ऐकवून ऐकवून भंडावून सोडलं होतं, ती हे विचारतेय. प्रणोती तिला सांगू लागते. काठ, होडी, बुडालेला रस्ता, दवाखाना. एस्तेर मान हलवत ऐकते. शाळेत बाई दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगत असाव्यात, तशी.

"...कारण रिबकाचं तसं झालं."

"रिबका कोण?"

"तुझी ताई, एस्तेर."

एस्तेर पाण्याकडं बघते. ते नाव तिथं कुठं दिसतंय का ते शोधावं तशी. मग हळूच म्हणते, "छान होतं गं. चांगलं ठरवलं होतं मी." आणि थोड्या वेळानं, "मग? आता कोण करणार?"

"मी," प्रणोती म्हणते. "मी जाणार तुझ्या गावाला. मास्तरांना शब्द दिलाय."

एस्तेर तिचं मनगट धरते. बोटं थंड आहेत, पण धरण्याची रीत तीच. नाडी बघताना तिचे ओठ हलायचे, तसे आत्ताही हलतात. मध्येच थांबतात.

"आणि तुला जायचंय?"

"हो तर."

"प्रणू, हे बघ. नाडी चुकली. पुन्हा चुकली."

प्रणोती हात ओढून घेते, आणि ती हॉलच्या स्टेजवर उभी आहे. खुर्च्या भरलेल्या आहेत. सगळ्या मुली पाठमोऱ्या बसल्या आहेत. शेकडो जाळ्या, शेकडो चौकडीच्या पाठी. तरीही त्या ऐकताहेत, हे तिला कळतं. पहिल्या रांगेत तेवढे मास्तर तिच्याकडं तोंड करून आहेत. पांढरा सदरा, मांडीवर टोपी. तिच्या जागी सेक्रेटरी झालेली शबनम तांबोळी माइक पुढं करते. प्रणोती तोंड उघडते.

"माझं नाव एस्तेर साळवे," तिच्या तोंडून आवाज येतो. आवाज तिचा नाहीच. जरासा घोगरा, नगरकडच्या हेलाचा. "मी पाण्याच्या काठावर दवाखाना काढणार आहे."

पाठमोऱ्या मुली टाळ्या वाजवतात. मास्तर डोळे पुसतात. प्रणोती खाली बघते, तर तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर एस्तेरचं नाव आहे. पाय घोट्यापर्यंत ओले आहेत. ती बिल्ला काढायला जाते. पिन कापडात नाही, त्याच्याही खाली कुठंतरी रुतलेली आहे. ती ओरडायला जाते, तर ओरडणंही एस्तेरच्याच आवाजात येतं.

हॉलच्या दाराशी एस्तेर उभी आहे. बूट अजून हातातच.

"प्रणू," ती तिथूनच म्हणते, आणि एवढ्या टाळ्यांतून ते स्पष्ट ऐकू येतं, "तू माझ्या जागी उभी राहिलीस तर मी कुठं उभी राहू गं?"

टाळ्या थांबतात.

"तू नाहीयेस ना पण," प्रणोती म्हणते. आता आवाज तिचा आहे, फाटलेला. "तू नाहीस म्हणून तर सगळे मला म्हणतात."

"नाहीच मी. मग नसू दे ना मला. जागा रिकामी राहू दे की."

"आणि तो काठ? तिथं कोण जाणार मग?"

एस्तेर हातातल्या बुटांकडं बघते. "मला नाही माहीत," ती म्हणते.

खुर्च्या नाहीत, मास्तर नाहीत. एक लांबलचक व्हरांडा आहे, जाळीच्या खिडक्या आहेत. प्रणोती लगेच ओळखते. मनोरुग्णालयातल्या पोस्टिंगला ती इथं यायची. बाकीच्या मुली दिवस मोजायच्या. हिला मात्र परत निघताना जड जायचं. इथंच एक बाई भिंतीकडं तोंड करून बसायची, कुणाशी अक्षर बोलायची नाही. प्रणोती रोज तिच्याशेजारी जाऊन नुसती बसायची. एके दिवशी त्या बाईनं मान न वळवता म्हटलं होतं, "पोरी, माझे केस विंचर."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," एस्तेर म्हणते. प्रणोतीनं तर आत्ताही तोंडानं काही सांगितलेलं नाही.

"कुणालाच नाही सांगितलं. घरी म्हणतील, वेड्यांच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या पोरीला कोण करून घेणार. आणि तुझ्यापुढं... तुझं केवढं मोठं होतं, एस्तेर. बहिणीसाठी होतं. माझं काय, एका बाईचे केस विंचरले, एवढंच."

"मग तिनं काय केलं? विंचरल्यावर?"

"रडली. मग जेवली."

"हं," एस्तेर म्हणते. ती नाडी बघत नाही, पण तिचे ओठ हलतात. "तुला इथं यायचंय."

"हो," प्रणोती म्हणते. "मला इथंच काम करायचंय."

एस्तेरचा चेहरा सैल होतो. ती वाकते आणि पायांत बूट घालू लागते. ओल्या पायांनी ते आत जात नाहीत. ती नेटानं घालते.

"चल तर. ओव्हर घे."

"कुणाची? इथं तर कुणीच नाही."

"आहे की एक पेशंट." ती व्हरांड्याच्या टोकाकडं बोट करते. तिथं होस्टेलची कॉट आहे. प्रणोतीचीच. "झोप त्यावर."

प्रणोती आडवी होते. उशी ओळखीची आहे. एस्तेर उशाशी उभी राहते आणि वॉर्डात बोलायची त्या सरळ, कोरड्या आवाजात सांगू लागते.

"पेशंट प्रणोती वाघमोडे. बरेच दिवस झोप नाही. जेवण अर्धवट टाकते. रडू आलं की नळ सोडून बसते, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. आईला फोनवर सांगते, बरी आहे. ताप नाही. कुणी काही मागितलं की हो म्हणते, मग तिची नाडी चुकते. लक्ष ठेवावं लागेल."

"कुणी ठेवायचं?"

"मी ओव्हर कुणाला देतेय?"

प्रणोतीला हुंदका येतो. नळ कुठं नाही. ती तशीच रडते, मोठ्यानं, तोंड न झाकता. एस्तेर तिला गप्प करत नाही.

"झालं?" थोड्या वेळानं ती विचारते. "आता कूस बदल. भिंतीकडं. हं, अशी."

वॉर्डात पेशंटला म्हणतात तसंच ती म्हणते. प्रणोती भिंतीकडं वळते. पाठीमागं कापडाची सळसळ ऐकू येते. खांद्याशी, मग कमरेशी दोन हात हलकेच काम करताहेत. ती वळून बघत नाही. वळलं तर ती गेलेली असेल, एवढं तिला कळतं.

"एस्तेर, तुला आता जाता येईल ना?"

बुटांचा आवाज येतो, ओल्या बुटांचा. कॉटच्या पायथ्याशी थांबतो.

"आता ह्या बाजूला वळ," एस्तेर म्हणते.

दारावर थाप पडते.

"प्रणोती! ए प्रणोती! अगं, उठतेस ना?" शबनमचा आवाज. "मास्तर आलेत. खाली बसलेत."

प्रणोती डोळे उघडते. समोर भिंत. गाल ओला आहे, उशी ओली आहे. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं आहे.

"शबनम, त्यांना चहा दे," ती पडल्या पडल्याच म्हणते. घसा बसलेला आहे, पण आवाज तिचाच आहे. "म्हणावं, आलेच. मला त्यांच्याशी आधी एकटीनं बोलायचंय. हॉलमध्ये नाही."

"काय झालं गं? बरी आहेस ना?"

प्रणोती हो म्हणायला जाते आणि थांबते. "नाही," ती म्हणते. "सांगते तुला नंतर."

शबनमची पावलं जिन्यानं उतरतात. प्रणोती उठायला वळते, तर पाठीला काहीतरी टेकतं. हातानं चाचपते. चादर आहे. तिच्या अंगाखालची चादर कॉटच्या लांबीनं गुंडाळून तिच्या पाठीशी सारून ठेवलेली आहे. पेशंटला न उठवता अंथरूण बदलताना ठेवतात, तशी घट्ट वळकटी. आणि वळकटीच्या पलीकडं, कॉटच्या अर्ध्या भागावर, कपाटातली धुतलेली पांढरी चादर ताणून घातली आहे. एक सुरकुती नाही. दोन्ही कोपरे दुमडून गादीखाली खोचलेले आहेत.

कपाटाचं दार उघडं आहे. खोलीची कडी आतून तशीच लागलेली आहे.

प्रणोती वळकटीवरून सावकाश त्या बाजूला सरकते, आणि तिथं क्षणभर पडून राहते. कापड थंड आहे. मग ती उतरते, कॉट भिंतीपासून ओढते, जुनी चादर काढून घेते आणि राहिलेली अर्धी बाजू स्वतः घालू लागते. तिचे कोपरे तेवढे घट्ट बसत नाहीत. ती ते पुन्हा करत नाही. चेहऱ्यावर पाणी मारते, कडी काढते आणि मास्तरांकडं जायला जिना उतरू लागते.