खिसा नसलेला कप्तान

बुधवारी सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत असताना वंदनाचा, माझ्या बायकोचा, फोन आला. "बाबा गेले," ती म्हणाली. "झोपेतच. आईचा आत्ता अकोल्याहून फोन होता." हातातलं पुस्तक मी भलत्याच कप्प्यात ठेवलं आणि खुर्चीवर बसलो. त्या क्षणी मनात पहिल्यांदा काय आलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुःख नंतर आलं, आणि आलं ते पुरतं आलं. पण त्याच्या आधी, अगदी निमिषभर, एक विचार चोरपावलांनी येऊन गेला… आता ते जहाज पाहावं लागणार नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. अकोल्याच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान बंद करून मशीन घरी आणलं, तरी गळ्यातला टेप काही उतरला नाही. समोरच्या माणसाशी बोलताना ते त्याच्या तोंडाकडे कमी आणि खांद्यांकडे जास्त पाहत. मी मुळात कमी बोलणारा, त्यात जावई. त्यांच्या पिढीचा आणि वऱ्हाडातला नियम असा, की जावयासमोर पाय पसरायचे नाहीत, त्याला नाही म्हणायचं नाही आणि त्याच्या आवडीनिवडीवर बोट ठेवायचं नाही. मलाही घरून शिकवण होती, की सासऱ्यानं पुढे केलेलं काही परत सारायचं नाही. दोन माणसं एकमेकांना इतका मान देऊ लागली, की बोलायला काही उरत नाही. लग्नानंतरची कितीतरी वर्षं आमचं संभाषण एवढंच होतं: "केव्हा आले?" "आत्ताच." "केव्हा निघता?" "उद्या." मध्ये जेवण.

मग मागच्या अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण होतं. त्याच्या थोडं आधी आमची मुलगी सई आजोबांकडे राहून गेली होती. जाताना तिनं त्यांच्या नव्या टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि रिमोट शिकवला. "सगळी बटनं सारखीच दिसतात व पोरी," असं आजोबा म्हणाले, म्हणून तिनं आजीची लाल टिकली काढून थांबवायच्या बटनावर चिकटवली. टिकली दाबली की चित्र थांबतं, पुन्हा दाबली की चालतं. एवढं शिकवून ती पुण्याला गेली. मी धोंड्याला पोचलो, तेव्हा मामाजी टीव्हीसमोर ताठ बसलेले. पडद्यावर एक फार जुनी परदेशी मालिका. अवकाशात फिरणारं जहाज, आत पुठ्ठ्याच्या भिंती, लुकलुकणारे दिवे, घट्ट कपडे घातलेली गंभीर माणसं, सगळं इंग्रजीत. नेहमीचं "केव्हा आले?" झालं. नंतरच्या शांततेत मला फार अवघडल्यासारखं झालं आणि मी म्हणालो, "छान आहे हो ही मालिका."

मामाजींनी चमकून पाहिलं. "तुमाले आवडते?"

आता काय सांगायचं? त्यांनी स्वतः लावलेली वस्तू. "हो," मी म्हणालो, "लहानपणापासून पाहायची राहून गेली होती."

"असं का!" मामाजी म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी लोड सरकवला. माझ्या त्या एका वाक्यापायी पुढचे कितीतरी रविवार गेले. खरं सांगतो, मला विज्ञानकथा सोसत नाहीत. ग्रंथालयात त्या कपाटाकडे मी फक्त धूळ झाडायला जातो. पण महिन्यातून दोन रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी धरायचो, मूर्तिजापूर गेलं की मनाची तयारी करायचो आणि अकोल्यात पोचलो की चहा होण्याआधी जहाज सुरू. मामाजी माझीच वाट पाहत असत. "तुमच्याबिगर पुढं गेलो नाई," ते सांगत. "जिथं थांबवलं, तिथंच हाये." आणि मला वाटायचं, की या म्हाताऱ्या माणसाचा केवढा जीव आहे या मालिकेत.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मला वाचता येतं, पण ती माणसं नाकातून बोलत, त्यातलं निम्मं कळत नसे. तरी अर्थ सांगायचं काम माझं. "काय म्हणून राहिला हा?" त्यांनी विचारलं, की मी म्हणायचो, "पुढे धोका आहे म्हणतोय." हे बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मामाजींचं लक्ष मात्र गोष्टीत नसायचंच. पहिल्याच महिन्यात त्यांनी टिकली दाबून कप्तानाला मध्येच थांबवलं, उठून पडद्याजवळ गेले आणि त्याच्या छातीवर बोट ठेवलं. "जवाईबुवा, याले खिसा नाई."

मी पाहिलं. खरंच नव्हता.

"कोणालेच नाई! एवढं जहाज बनवलं, तारे ओलांडून चालले, अन् खिसा नाई बनवला? रुमाल कुठं ठेवत असन हा? चष्मा?" ते हळहळले. "अन् काखेत पाहा कसं ओढून राहिलं. माप न घेता शिवलं बापा." तेव्हापासून कप्तान कितीही मोठ्या संकटात असला, तरी आम्हाला आधी त्याची काख दिसायची. एका भागात गुहेतून केसाळ राक्षस आला. संगीत वाढलं, बाई किंचाळली, मीसुद्धा जरा मागे सरकलो. राक्षस वळला तशी मामाजींनी टिकली दाबली. "त्याच्या पाठीले चेन हाये," ते शांतपणे म्हणाले. होती. मानेपासून कमरेपर्यंत. त्या दिवशी ते इतके हसले, की मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, पाणी घेऊन धावत आल्या. "काय झालं?" "राक्षसाची चेन… अर्धी उघडी राहिली व," एवढंच त्यांना बोलता आलं.

जहाज निघालंय कुठे, हा त्यांचा कायमचा प्रश्न. "राहायला नवी जागा शोधतायत," मी सांगे. "मग एकही पसंत कशी पडत नाई? पोरगी पाहाले निघाल्यावानी उतरतात, चहाबी घेत नाई, चालले पुढं!" आणि एकदा, एका तांबड्या ग्रहावर सगळ्यांना ताप आला तेव्हा: "आपल्याकडं ग्रह घरी येऊन तरास देतात. हे लोक भाडं भरून ग्रहाकडं जातात."

दुपारच्या भागांत आम्ही दोघेही झोपायचो, हेही सांगून टाकतो. त्याची कबुली मात्र कुणीच देत नसे. एकदा दोघांना एकदमच जाग आली. मधले भाग आपोआप सरकून गेले होते आणि पडद्यावरच्या कप्तानाला हनुवटीभर दाढी.

"याची दाढी केव्हा वाढली?" मामाजींनी विचारलं.

"आत्ताच," मी म्हणालो.

"हो हो. पायलं मी."

आणि आम्ही पुढे पाहू लागलो.

या सगळ्यात एकदाच वेगळं झालं. एका भागात त्या जहाजातली मुलगी एका ग्रहावर राहून जाते. तिथलाच कोणी तिला आवडलेला असतो. कप्तान तिला सोडून परत वर येतो आणि खिडकीशी उभा राहतो. मामाजींनी टिकली दाबली. मला वाटलं, पुन्हा काख. पण ते उठून पडद्याजवळ गेले नाहीत. मग पडद्याकडेच पाहत म्हणाले, "वंदनाले तुमच्या घरी सोडून आमी परत निघालो ना… बडनेऱ्यापासून मूर्तिजापूर येईपर्यंत माह्या डोळ्यात कचरा होता. तुमची सासू म्हणे, कचरा दोन्ही डोळ्यात कसा काय गेला?" मी काय बोलायला हवं होतं ते आता रोज सुचतं. तेव्हा मी म्हणालो, "चहा सांगू का?" ते म्हणाले, "सांगा." आणि टिकली पुन्हा दाबली.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. ते गेले त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "येता ना जवाईबुवा? गेल्या वेळी तुमच्या गाडीपायी भाग अर्धाच राहिला होता." मला त्या दिवशी अजिबात उठवत नव्हतं. मी म्हणालो, "मोर्शीला लग्न आहे मामाजी, जावंच लागेल." लग्नबिग्न काही नव्हतं. ते म्हणाले, "बरं बरं. लग्न महत्त्वाचं. जहाज कुठं पळून चाललं?" मी दिवसभर घरी चड्डी-बनियनवर पडून राहिलो, दुपारी गिलावडा मागवून खाल्ला. आणि बुधवारी तो फोन.

तेरवी झाली, माणसं पांगली. पण तो "बरं बरं" काही केल्या कानातून जाईना. शेवटच्या रविवारी माणूस टीव्हीसमोर टिकलीवर बोट ठेवून एकटा बसला असेल, हे चित्र पुस्तकं लावताना दिसायचं, भात कालवताना दिसायचं. वंदना म्हणायची, तुम्ही जरा रडून घ्या. मी म्हणायचो, कचरा गेलाय.

मागच्या रविवारी मामींना भेटायला अकोल्याला गेलो. टीव्ही बंद होता, त्यावर मशीनवरचं जुनं फडकं टाकलेलं. मामींनी आलूपोहे दिले आणि कपाटातून एक घडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "हे तुमचं. येत्या अधिक महिन्यात धोंड्याले द्याचं म्हणून शिवून राहिले होते. एका बाहीची तुरपाई राहिली होती, ते मी केली."

घडी उलगडली. गडद निळा, बिनकॉलरचा, खांद्यापासून छातीवर तिरपी पिवळी पट्टी. कप्तानाचा अंगरखा! काखेत सैल, माझ्या मापाचा. माझं माप त्यांनी कधी टेपनं घेतलं नव्हतं. आणि पुढे दोन खिसे.

"तुमाले लय आवडते ना ते जहाज," मामी म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी सासरी खरं बोललो, आणि जे तोंडातून आलं ते पुस्तकी मराठीत नव्हतं. "मामी, मले ते नाई आवडत. कधीच नाई आवडलं. मामाजीले आवडते म्हणून मी पायत होतो."

 मामींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. खांदे हलत होते. "अहो जवाईबुवा…" त्यांना हसू आवरेना. "अहो, त्यायलेबी नव्हतं आवडत!"

"म्हणजे?"

"त्या धोंड्याच्या दिवशी त्यायच्यानं चुकून लागलं ते. बंद करता येये नाई! पोट्टीनं थांबवाचं शिकवलं, बंद कराचं सांगतलंच नाई. पिन काढाव तर ते कपाटामागं, अन् कपाटावर तुमचं वाण मांडलेलं. सकाळपासून बसले होते, कोणी येईन अन् बंद करून देईन म्हणून. तुमी आले, अन् म्हणले छान हाये. मग काय करतीन? जवायाचं मन मोडतीन का? दर खेपेले तुमी गेले की म्हणत, 'एवढा शिकलेला माणूस, याले हे कावून आवडत असन व?'"

मी पोह्यांची ताटली खाली ठेवली. एकच विचारायचं उरलं होतं. "मग त्या रविवारी… मी लग्न आहे म्हणालो. त्यांना वाईट वाटलं असेल ना?"

"वाईट?" मामी म्हणाल्या. "फोन ठेवला अन् दोन्ही हात वर करून म्हणले, 'सुटलो! आज सुटलो व!' मग मले पातोडीची भाजी कराले लावली, पोटभर जेवले अन् दिवे लागेपर्यंत झोपले. लय दिवसांनी इतके खूश पायले मी त्यायले."

मी हसलो. मामी हसल्या. मग हसता हसता माझ्या दोन्ही डोळ्यांत कचरा गेला आणि मामींनी पाण्याचा गडू पुढे सरकवला. त्या रविवारी आम्ही दोघे शंभर किलोमीटरच्या अंतरावर आपापल्या घरी आडवे पडून एकमेकांपासून सुटलो होतो, आणि दोघेही किती सुखात होतो! हे त्यांना सांगायला पाहिजे होतं. टिकली दाबून, पडद्याकडेच पाहत, पण सांगायला पाहिजे होतं.

निघताना मामींनी टीव्हीवरचं फडकं काढलं. "तो भाग अर्धा राहिला म्हणत होते. तुमाले आवडत नाई तर राहू द्या." मी म्हणालो, "नाही, पाहूनच जातो." अंगरखा घातला. मामींनी मागून फिरून खांदा पाहिला, काख पाहिली, आणि मान हलवली. मी मामाजींच्या जागेशेजारच्या माझ्या जागेवर, लोडाला टेकून बसलो. टीव्ही लावला. पडद्यावर कप्तान तोंड उघडं ठेवून कधीचा थांबला होता. टिकली दाबली. तो म्हणाला, पुढे धोका आहे. रिमोट नेहमीसारखा कुठे ठेवावा कळेना, म्हणून उजव्या खिशात घातला… तो वरपर्यंत बरोबर बसला. फक्त टिकली बाहेर राहील, इतकाच खोल खिसा होता तो.