गुरुजींची गेरूची रेघ

सबनीस गुरुजी गेल्याचं पोस्टकार्ड राहुरीला माझ्या हातात पडलं, तेव्हा त्यांचा दहावाही उरकला होता. असलं कार्ड वाचून लगेच फाडायचं असतं. मी ते तीन आठवडे खिशात घेऊन फिरत होतो…

पुणतांब्याच्या शाळेत आम्ही बरोबर शिकवत होतो. दर शनिवारी कवायत संपली की गुरुजी पुराची तालीम घ्यायचे. घंटा झाली की मोठ्या मुलांनी लहानांचा हात धरून देवळाच्या टेकाडावर जायचं. मला मनातून हसू यायचं. मग एका श्रावणात गोदावरी खरंच फुगली. घंटा झाली, झाडून सगळी पोरं टेकाडावर पोचली. मी फुशारून खाली पाहिलं, तर बाया खणानारळाची ताटं घेऊन घाट उतरत होत्या. पूर आला की गोदामाईची ओटी भरायची, ही गावाची रीत. सगळ्यांत पुढे माझी आई. पोरांना शिकवलं, आयांना शिकवायचं राहूनच गेलं होतं. गुरुजी धावले, पण त्यांनी कुणाला अडवलं नाही. वरच्या पायरीवर गेरूच्या खड्यानं रेघ ओढली आणि म्हणाले, "आक्का, माई स्वतःच वर येतेय. ओटी इथंच भरा."

आई थबकली. "व्हय, दारात आलेल्या लेकीची ओटी दारातच भरत्यात," म्हणत रेघेशी बसली. बघता बघता खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या.

ती रेघ गुरुजी दरवर्षी पावसाळ्याआधी नव्यानं ओढत. मग दुष्काळ पडला. पारावरचे म्हातारे हसून म्हणायचे, "गुरुजी, नदीत चूळ भराया पानी न्हाई, आन तुमी पुराचं काय शिकवताय?"

"तहान लागल्यावर विहीर खणायची का?" एवढंच ते म्हणत.

पण गाव गुरुजींना हसतं, याची मला लाज वाटायची. गेल्या वर्षी, माझी राहुरीला बदली होण्याआधी, मीच हट्ट धरला की रेघ चार पायऱ्या खाली घ्या, म्हणजे कुणी हसणार नाही. गुरुजी थकले होते. म्हणाले, "घेतो खाली. आई तुमचीच आहे."

त्या वाक्यानं झोप उडवली आहे. परवा मी पुणतांब्याला गेलो. शाळेच्या कपाटात करवंटीतला त्यांचा गेरू तसाच होता. खालची रेघ घासून पुसली, जुन्या पायरीवर नवी ओढली. आई मागे उभी होती.

"गुरुजींची रेघ खाली हुती की रं."

"ती माझी होती," मी म्हणालो.