जांभळी बाटली आणि आम्ही पुरावेवाले

फ्रिजच्या दारात चटण्या-लोणच्यांच्या बाटल्या कशा साचत जातात, ते कोणालाच सांगता येत नाही. कधी आणली, कोणी उघडली, आठवत नाही. पण प्रत्येकीच्या तळाशी थोडंसं शिल्लक असतं आणि टाकवत नाही. आमच्या ऑफिसातल्या किश्शांचं तसंच झालंय. आज जरा दार उघडून बसते.

मी युट्रेख्ट या डच शहरातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. खाण्याच्या वस्तूंच्या आणि सप्लिमेंट्सच्या पाकिटांवर जे दावे छापायचे असतात, ते उत्पादक आधी आमच्याकडे पाठवतात. दावा कायद्यात बसतो का आणि त्याला पुरावा आहे का, एवढंच आम्ही बघतो. बहुधा बसत नाही, आणि नसतो. आम्ही तिघंच. इनेके ही बॉस, बार्ट हा केमिस्ट, आणि अँटिऑक्सिडंटवाले जिच्या वाट्याला येतात ती मी.

कोविड आला आणि त्या दाव्यांना ऊत आला. सरबत, बिस्किटं, च्युइंगगम... ज्याला त्याला आपल्या वस्तूत अँटिऑक्सिडंट सापडायला लागले! मी धडाधड लाल शेरे मारत होते. आणि नेमकं त्याच वेळी नाशिकला माझ्या बाबांनी बीपीची गोळी बंद केली.

कारण? अँटिऑक्सिडंट! कुठल्याशा जांभळ्या ज्यूसची बाटली. सकाळी उपाशीपोटी दोन टोपणं.

विमानं बंद, पाळणाघर बंद, तीन वर्षांची लेक सई दिवसभर माझ्या पायात. जगातल्या यच्चयावत बाटल्यांना मी ‘नाही’ म्हणू शकत होते, ती एक सोडून.

*

पहिला किस्सा सफरचंदवाल्याचा.

हा गृहस्थ सफरचंदाचा रस विकायचा. बाटलीवर ठसठशीत अक्षरांत छापायचं होतं, ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’. मी व्हिडिओ कॉलवर विचारलं, “कुठला अँटिऑक्सिडंट?”

“व्हिटॅमिन सी!” तो विजयी मुद्रेने म्हणाला.

“सफरचंदातलं?”

“नाही, ते आम्ही वरून घालतो. चिमूटभर.”

“कशासाठी?”

“रस काळा पडू नये म्हणून.”

आपण कापलेल्या सफरचंदावर लिंबू पिळतो ना, तोच प्रकार. मी कायदा उघडून त्याला नीट समजावणार, तेवढ्यात दुसऱ्या खिडकीतून बार्ट शांतपणे म्हणाला, “म्हणजे तुमचा अँटिऑक्सिडंट रसाची काळजी घेतो. गिऱ्हाइकाची नाही.”

तो माणूस जरा विचारात पडला. मग म्हणाला, “हे छापता येईल का? पहिलं वाक्य फक्त.”

*

त्याच संध्याकाळी मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. दिवसभर तेच काम केलेलं, तोंडात मुद्दे तयार होते.

माझे बाबा वीजखात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कोणी काही समजावून सांगितलेलं मला तरी आठवत नाही. समजावतात ते.

“बाबा, परीक्षानळीत एखादी गोष्ट ऑक्सिडेशन थांबवते, म्हणून ती पोटात गेल्यावर शरीरातही तेच करेल असं नसतं.”

“रेणू, ऑक्सिडेशन म्हणजे काय?”

“बाबा...”

“गंज! मी जन्मभर लोखंडी खांबांना रेड ऑक्साइड फासलाय. ज्याला फासला तो उभा आहे, ज्याला नाही फासला तो पडला. माणूससुद्धा गंजतो. हे आतून फासायचं.”

“बाबा, खांबाला बीपी नसतं!”

मागून आई फिस्सकन हसली. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, “सई काय करतेय?”

म्हणजे विषय संपला.

*

माझ्या निर्धाराबद्दल तुमचा गैरसमज नको, म्हणून हाही सांगते.

त्या दिवसांत सुपरमार्केटात प्रत्येकाला ट्रॉली घ्यावीच लागायची. आत किती माणसं आहेत ते ट्रॉल्यांवरून मोजायचे. नुसती कोथिंबीर हवी असली तरी आपली ढकला ट्रॉली! सईला सर्दी झाली होती. साधी, नाकातली. पण त्या वर्षात साधी सर्दी असं काही नव्हतंच. मी मास्क सावरत फळांच्या रांगेत गेले आणि भानावर आले तेव्हा ट्रॉलीत ब्लूबेरीचे डबे, डाळिंबाचा रस आणि एका जारवर ‘सुपर’ लिहिलंय एवढ्याच कारणासाठी घेतलेली कसलीशी पूड.

“हॅलो रेणू!”

दीड मीटरच्या अंतरावर इनेके! तिच्या ट्रॉलीत बटाटे आणि चीज. ती माझ्या ट्रॉलीकडे बघत राहिली. डच माणूस मनातलं गिळत नाही, पण तिने निदान शब्द तरी निवडले.

“हे ऑफिसच्या तपासणीसाठी आहे, की तू आई आहेस म्हणून?”

मी म्हटलं, “तपासणीसाठी.”

“छान,” ती म्हणाली. “मग रिपोर्ट सोमवारी दे.”

आणि मी दिला! जारवरच्या तीन दाव्यांपैकी एकही टिकला नाही. ब्लूबेरी सईने खाल्ल्या. सर्दी तिच्या वेळेनेच गेली.

*

तीच सर्दी लांबली होती तेव्हा मी हाउसआर्ट्सना, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला होता. इथले डॉक्टर तुम्हाला काही होऊ देत नाहीत आणि काही देतही नाहीत. “पाणी पाजा, झोपू द्या,” ते म्हणाले.

मी चाचरत विचारलं, “एखादं अँटिऑक्सिडंट सिरप वगैरे द्यावं का?”

“तुम्ही काय काम करता?”

आता खोटं कुठे बोलायचं! “अँटिऑक्सिडंटचे दावे तपासते.”

मग डॉक्टर अतिशय आदराने म्हणाले, “मग तुम्हीच सांगा, द्यावं का?”

*

बार्टचा किस्सा तर आमच्याकडे नव्या क्लायंटला हमखास सांगतात.

एका कंपनीने हिरवी पावडर पाठवली होती. सोबत जाडजूड लॅब रिपोर्ट, परीक्षानळीतल्या आकड्यांचा. एवढी अँटिऑक्सिडंट शक्ती म्हणे कुठल्याच पदार्थात नाही! मॅनेजरचं पालुपद एकच, “आकडे बघा, आकडे!”

बार्ट लॅबसाठी एकटाच ऑफिसात जायचा. त्याने काय करावं? कॉफी मशीनमधला वापरून झालेला चोथा घेतला, तीच चाचणी त्याच्यावर लावली आणि पुढच्या कॉलला दोन आकडे शेजारीशेजारी स्क्रीनवर ठेवले. नावं झाकलेली.

“यातला कुठला जास्त चांगला?”

“अर्थात उजवा!” मॅनेजर म्हणाला. “हा आमचा.”

“तुमचा डावा,” बार्ट म्हणाला. “उजवा आमच्या कचऱ्याच्या डब्यातला.”

आता हा माणूस खजील होईल, रागावेल, फोन आपटेल, अशी आमची अपेक्षा. त्याने वही ओढली, पेन काढलं आणि गंभीरपणे विचारलं, “तुमचा सप्लायर कोण?”

*

सईचा पराक्रम राहिलाच.

लहान मुलांसाठी बेरीचं पेय काढणाऱ्या एका बाईंशी माझा कॉल होता. बाई गोड होत्या, पण ‘मुलांच्या पेशींचं रक्षण’ हे शब्द काही केल्या सोडायला तयार नव्हत्या. मी म्हणत होते की पेयात व्हिटॅमिन सी पुरेशा प्रमाणात असेल तर त्या व्हिटॅमिनचं नाव घेऊन ठरलेलं वाक्य लिहा. बेरीच्या नावावर खपवू नका. त्यांनी बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. “पण मुलांना हे इतकं आवडतं!”

सई माझ्या खुर्चीखालून वर आली. अंगात फ्रॉक, पायात माझे बूट. स्क्रीनकडे बघितलं. त्यांचे नमुने घरी आले होते आणि तिने ते चाखले होते, हे मी विसरले होते.

“बाः! फीस!” सई म्हणाली. म्हणजे आपलं ‘शी!’, पण डच ‘शी’ जरा जास्त प्रामाणिक असते.

मी तिचं तोंड दाबू की मीटिंग म्यूट करू, या गडबडीत कॅमेराच बंद केला. परत चालू केला तेव्हा बाई डोळे पुसत हसत होत्या.

“रेणू, तुमचं वाक्य पाठवा,” त्या म्हणाल्या. “छापते. आणि चवीचं बघते.”

इतक्या महिन्यांत एवढ्या झटपट मान्य झालेला तो एकमेव आक्षेप. आणि तो माझा नव्हता.

*

हे सगळं चालू असताना नाशिकची बाटली काही संपत नव्हती. एक संपली की दुसरी येत होती.

एक दिवस आईचा फोन आला, बाबा अंघोळीला गेलेले बघून. “अगं, काल जिना उतरताना यांना गरगरलं. कठड्याला धरलं म्हणून बरं. बीपी मोजायचं म्हटलं तर मशीन कपाटावर टाकून दिलंय. म्हणतात, आता गरज नाही.”

निखिल, माझा नवरा, म्हणाला, “डॉक्टरांना सांग ना तिकडच्या.” मी आमच्या जुन्या डॉक्टरांना बाटलीच्या लेबलचा फोटो पाठवला. त्यांचा उलट फोन आला, “साखर, रंग आणि थोडा फळांचा अर्क. याने काही बिघडणार नाही. गोळी बंद करण्याने मात्र बिघडेल. मीही सांगितलं त्यांना. मलाच रेड ऑक्साइड शिकवला!”

मग मी ठरवलं, आपलं जे येतं ते करायचं. बाटलीवरचा एकेक दावा घेऊन बाबांसाठी रीतसर रिपोर्ट केला, मराठीत. इनेकेला दाखवला असता तर ती खूश झाली असती, इतका चोख! बाबांनी पूर्ण वाचला. संध्याकाळी व्हिडिओवर आले ते चष्मा लावूनच.

“चांगला लिहिलायस.”

माझा जीव भांड्यात पडला.

“पण तू कंपन्यांकडून पगार घेतेस. तुझं मत निःपक्षपाती कसं मानायचं?”

“बाबा, आणि बाटली विकणारा?”

“फडके? फडके मित्र आहे!”

*

फडकेकाका म्हणजे बाबांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती. लॉकडाऊनमध्ये फिरणं थांबलं, तसा काकांनी हा बाटल्यांचा उद्योग सुरू केला होता. दर आठवड्याला फाटकाशी येऊन, मास्क लावून, बाटली कठड्यावर ठेवायचे आणि बाबांशी लांबूनच तासभर गप्पा मारायचे.

मी त्यांना फोन लावला तो भांडायच्या तयारीने. सईला कार्टून लावून दिलं, दार लोटलं आणि घसा साफ केला.

“काका, तुम्ही बाबांना बीपीची गोळी बंद करायला सांगितलीत?”

“मी?” काका उडालेच. “पोरी, मी कशाला सांगू? मी माझी गोळी रोज घेतो!”

“आणि हा ज्यूस?”

“छे गं. मला ॲसिडिटी होते त्याने.”

माझ्या तयार केलेल्या भाषणाची सगळी हवाच गेली. काका पुढे अगदी रडकुंडीला येऊन म्हणाले, “मी दहा वेळा सांगितलं त्याला, गोळी सोडू नकोस. तो म्हणतो, ‘तुझ्याच कागदावर लिहिलंय, सर्व विकारांवर गुणकारी. मग गोळी कशाला?’ आता मीच दिलेल्या कागदाला मी खोटा कसा म्हणू? तूच सांग काय करू. त्याला काही झालं तर मी फिरायला कोणाबरोबर जाऊ?”

मी खिडकीतून बाहेर बघत होते. खालून सायकली चालल्या होत्या. नाशिकचे डॉक्टर म्हणाले होते, याने काही बिघडणार नाही. फक्त गोळी पोटात जायला हवी.

“काका,” मी म्हटलं, “बाबांना सांगा, हा ज्यूस नुसता घेतला तर लागू पडत नाही. आधी बीपीची गोळी घ्यायची, मग अर्ध्या तासाने ज्यूस. गोळीशिवाय त्यातलं अँटिऑक्सिडंट चालूच होत नाही.”

“असं आहे होय?” काका थक्क झाले.

मी समोरचा लॅपटॉप मिटला.

“पण तो विचारेल ना, पुरावा काय? तुझे बाबा आहेत ते!”

दार ढकलून सई आत आली आणि माझ्या कमरेला बिलगली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“सांगा, युरोपात सिद्ध झालंय.”

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नाश्ता चालू असताना बाबांचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा वैतागलेला.

“रेणू, एवढा मोठा रिपोर्ट लिहिलास, पण मुख्य गोष्ट तुला माहीतच नव्हती!”

“कुठली, बाबा?”

“अगं, गोळीशिवाय ते अँटिऑक्सिडंट चालूच होत नाही! मी इतके दिवस नुसतंच पीत होतो. वाया गेलं सगळं!”

“मग... घेतलीत आज गोळी?”

“घेतली म्हणजे? सहा वाजताच. मशीनपण खाली काढलंय, नोंद ठेवायला.” बाबा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले. “अभ्यास फडक्याकडून शिक. आणि हे बघ, तुमच्या ऑफिसात पण सांगून ठेव. तुमच्या लोकांना माहीत नसणार.”